बाराव्या दिवशी

तुर्कस्तानातल्या चानाक्कालेच्या किनाऱ्यावर २००४ सालच्या ‘ट्रॉय’ सिनेमातला भलामोठा घोडा उभा आहे. त्याच्यापुढे मीही फोटो काढून घेतला. होमरच्या ‘इलियड’मध्ये मात्र हा घोडा नाहीच. ते काव्य त्याच्या बरंच आधी, ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यविधीपाशी संपतं. मी आले होते ती त्या अंत्यविधीच्या ओढीनं.

दोल्मुश म्हणजे तिकडची वडाप. तीसेक किलोमीटरवर तिनं हिसार्लिकच्या, म्हणजे ट्रॉयच्या, टेकडीपाशी सोडलं. वारा असा, की ओढणी दोन्ही हातांनी धरावी लागली. होमर ट्रॉयला वाऱ्याचं शहर म्हणतो ते उगीच नव्हे. टेकडीच्या पोटात एकावर एक नऊ वस्त्या आहेत. १८७१ ते १८७३ या काळात श्लीमान या जर्मन उत्खननकारानं इथे आरपार चर खणला. होमरचं ट्रॉय तळाशीच असणार अशी त्याची खात्री, म्हणून वरचे थर उपसून टाकले. ज्या काळाचा शोध चालला होता, त्याच काळाच्या भिंती त्यात गेल्या. सापडलेल्या सोन्याला त्यानं ‘प्रायमचा खजिना’ म्हटलं. ते निघालं हजारेक वर्षं आधीचं, आणि आता आहे मॉस्कोत.

तटाच्या उतरत्या भिंतीला टेकून खाली पाहिलं. ट्रॉयच्या काळी समुद्र पार जवळ होता. कारामेंदेरेस नदीनं, म्हणजे होमरच्या स्कॅमँडरनं, गाळ टाकून टाकून त्याला लांब ढकललंय. आता तिथे शेतं आहेत.

ग्रीकांची छावणी तिकडे किनाऱ्याला. जिवलग मित्र पॅट्रोक्लस पडल्याचं कळताच ग्रीक वीर अकिलीसनं डोक्यावर माती ओतून घेतली. मग त्यानं हेक्टरला मारलं, घोट्यांना भोकं पाडून रथाला बांधलं आणि फरफटत नेलं. मित्राच्या चितेवर बारा ट्रोजन तरुण कापले. एवढं करूनही झोप येईना. पहाटे उठायचं, घोडे जुंपायचे, थडग्याभोवती प्रेताच्या तीन फेऱ्या. सूड उगवून झाला होता, तरी हात थांबत नव्हते.

मग रात्री हेक्टरचा बाप, ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम खंडणी घेऊन येतो आणि पोराला मारणाऱ्या हातांचे मुके घेतो. दोघं रडतात, एक मुलासाठी, दुसरा बापासाठी आणि मित्रासाठी. पण मला याहून मोठी वाटते ती पुढची बारीकशी गोष्ट. अकिलीस दासींना सांगतो, प्रेत आडोशाला नेऊन धुवा, तेल लावा. म्हाताऱ्याच्या नजरेला पडलं, तो संतापला, तर आपलाही तोल जाईल, हे तो ओळखून असतो. खंडणीत आलेली दोन वस्त्रं आणि एक अंगरखा तो हेक्टरसाठीच मागे ठेवतो. देह तिरडीवर ठेवताना स्वतः उचलतो.

आणि मग विचारतो, किती दिवस हवेत? प्रायम हिशेब सांगतो: नऊ दिवस घरात शोक, दहाव्याला अंत्यविधी आणि जेवण, अकराव्याला मातीचा ढिगारा, आणि बाराव्याला, लढायचंच असेल तर लढू. बाबा गेले तेव्हा गुरुजींनी कॅलेंडरवर बोट ठेवून असेच दिवस मोजून दिले होते. दहावा, अकरावा, बारावा. एवढे दिवस देऊन अकिलीस शब्द पाळतो. रागाच्या नावानं सुरू झालेलं काव्य तेवढ्या मुदतीत संपून जातं. होमर बाराव्या दिवशी काय झालं ते सांगत बसत नाही.

ते पाहायचं तर शेजारचं संग्रहालय. २०१८ साली उघडलं. त्यात १९९४ साली एका टेकाडाखाली सापडलेली संगमरवरी शवपेटी आहे, अडीच हजार वर्षांपूर्वीची. एका बाजूवर प्रायमची मुलगी पॉलिक्सेना. तिघांनी तिला आडवी उचलून धरलंय आणि अकिलीसचा मुलगा निओप्टोलेमस बापाच्या थडग्यावर तिच्या गळ्यात पातं खुपसतोय. मेलेल्यालाही वाटा हवा होता. मागे बायका उभ्या आहेत. मी काचेला नाक लावून त्यांचे हात पाहिले. बोटं केसांत रुतलेली, कोपरं वर. कोरणाऱ्यानं एकेक बट वेगळी काढलीय.

पेटीत हाडं निघाली ती चाळिशीच्या आसपासच्या पुरुषाची. आपल्या मरणाला हेच चित्र कुणी का निवडलं असेल, याचा विचार करत मी दुसऱ्या बाजूला वळले. तिथे नाच चालला होता.