रंगीत घरांच्या मागची खाडी

पणजीला येणारा पाहुणा हल्ली आधी विचारतो, "ती रंगीत घरं कुठे आहेत?" ती घरं म्हणजे फोंतेन्यश. तिथून थोडं चाललं की मळा, आणि मळ्यात माझ्या आत्याचं घर. हा भाग मला लहानपणच्या सुट्ट्यांमुळे माहीत होता. गेल्या वर्षभरात मात्र मी तो मुद्दाम गल्ली गल्ली फिरून आणि वाचून समजून घेतला. का, ते पुढे सांगते.

एका बाजूला आल्तिनोची टेकडी, दुसऱ्या बाजूला मांडवीला मिळणारी औरेम खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत ही वस्ती. पूर्वी इथे दलदल होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेल्या एका गोवेकराने भराव घालून इथे माड लावले. टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यांवरून फोंतेन्यश हे नाव पडलं. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, तसे सरकारी नोकर आणि व्यापारी राहायला आले आणि बागेची वस्ती झाली. पाटोजवळून रायबंदरला जाणारा बांध तर त्याहून जुना. तो सुमारे तीन किलोमीटरचा बांध १६३४ च्या सुमारास पूर्ण झाला आणि आजही त्यावरून बसगाड्या धावतात.

घरं बघताना रंगावर थांबू नका. भिंती चिऱ्याच्या, वर चुन्याचा गिलावा, छपराला कौलं. चिरा पाणी शोषतो, म्हणून पावसाळा संपला की दरवर्षी रंग काढायचा. पोर्तुगीज काळात तो सक्तीचा होता आणि पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवलेला, असं जुनी माणसं सांगतात. काही खिडक्यांना अजून शिंपल्यांची तावदानं आहेत. त्यातून ऊन गाळून येतं, पण बाहेरच्याला आतलं दिसत नाही. सेंट सेबॅस्टियनच्या कपेलात येशूचा एक क्रूस आहे. तो पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. आणि तिथून जवळच, मळ्याच्या डोंगरावर आपला मारुती. जत्रेच्या दिवसांत खालच्या रस्त्यावर खाज्यांची दुकानं लागतात, तेव्हा दोन्ही वाड्यांतली माणसं एकाच गर्दीत असतात.

आता खाडीपलीकडे पाटोवर कचेऱ्यांच्या काचेच्या इमारती आहेत. मांडवीत कॅसिनोच्या बोटी आणि वर २०१९ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. फोंतेन्यशात कितीतरी घरांचे होमस्टे आणि कॅफे झाले. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी लोकांच्या पायऱ्यांवर बसतात आणि आत आजीचा दुपारचा डोळा लागलेला असतो. म्हणून काही दारांवर 'फोटो काढू नये' अशी पाटी दिसते. मळ्याचं दुखणं वेगळं. जागा मुळात सखल. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाणी खाडीत जाऊ शकत नाही, ते घरात शिरतं.

आत्याकडे दोनदा असं पाणी आलं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. घर सात वारसांच्या नावावर. दरवर्षीचा रंग, कौलं आणि वाळवी यांचा खर्च कोणी करायचा, हे ठरत नाही. होमस्टेसाठी घर भाड्याने मागणारा एक माणूस दोनदा येऊन गेला. पुण्याचा आतेभाऊ म्हणतो, देऊन टाकू, निदान छप्पर तरी राहील. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. पण आत्या म्हणते, "छप्पर राहील रे, पण तुळशीपुढे दिवा कोण लावणार?"

मी दोघांनाही सांगितलं आहे की यंदाच्या चतुर्थीला सगळे सातजण याच घरात जमू या. आधी कौलांचा हिशेब मांडू, मग भाड्याचं बोलू. मागची खोली आणि तुळस आत्याकडे ठेवून पुढचा भाग देता येईल का, हेही विचारायचं आहे.

तुमच्यापैकी अनेकांची अशी सामायिक घरं इंदुरात, बेळगावात, बडोद्यात असतील. ती विकायची की ठेवायची, हे तुम्ही ठरवाच. त्याआधी एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन तो वाडा, ती गल्ली पायी फिरा. कुठली भिंत कोणी बांधली, हे त्यांनाच ठाऊक असतं.