आजोबांची पदके विकायची झाली तर

शीवच्या आमच्या वस्तीत अर्ज लिहून घ्यायला, वारसाचे कागद लावायला माणसे आमच्याकडे येतात. त्या कागदांच्या पुडक्यातून कधी कधी आजोबांची लढाईतली पदके निघतात. "दादा, याचे काही पैसे येतील का?" हा पुढचा प्रश्न असतो. विचारणाऱ्याला आम्ही नावे ठेवीत नाही. पोराची कॉलेजची फी तोंडावर आलेली असते, नाहीतर गावाकडच्या घराचे पत्रे उडालेले असतात.

पण ही पदके आपल्या घरात सहज आलेली नाहीत. १८१८ मध्ये कोरेगावला लढलेल्या आपल्या लोकांना इंग्रजांनी १८९० च्या दशकात पलटणीचे दार बंद केले. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली.

आता किमतीचे पाहू. भंगारवाला तराजू काढतो. पहिल्या महायुद्धाचे राजाच्या मुखवट्याचे गोल पदक बहुधा चांदीचे असते, अडीच-तीन तोळ्यांचे. अशी कितीतरी पदके आटवली गेली. दुसऱ्या महायुद्धाचे तारे आणि इंडिया सर्व्हिस मेडल साध्या मिश्रधातूचे. वजनावर विकाल तर चहापाणीही सुटणार नाही. संग्राहक मात्र नाव पाहतो. इंग्लंडच्या सैनिकांना दुसऱ्या महायुद्धाची पदके बहुतेक बिननावाची मिळाली. हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र सहसा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते, गोल पदकाच्या कडेला आणि ताऱ्याच्या पाठीमागे. भिंग लावून ते वाचा. एका माणसाची सगळी पदके, फिती आणि पलटणीतून सुटल्याचा कागद एकत्र असेल तर किंमत वाढते. म्हणून माता-भगिनींना विनंती, चिंच-राखेने घासून ती चकचकीत करू नका. अक्षरे झिजतात आणि भावही उतरतो.

आमच्या माहितीतल्या एका घरात तीन भावांनी तीन पदके वाटून घेतली. धाकट्याने आपले चोरबाजारात विकले. मागे राहिली दोन सुटी पदके, अर्ध्या मोलाची. बहिणीला तर कुणी विचारलेही नाही! बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मग आजोबांच्या पेटीत बहिणीचा वाटा नाही कसा?

आणखी एक. पहिल्या महायुद्धाच्या पदकांनी आता शंभरी गाठली आहे. शंभर वर्षांपलीकडच्या ऐतिहासिक वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो; त्या परस्पर परदेशी पाठवता येत नाहीत. "लंडनला पाठवून दुप्पट देतो" म्हणणाऱ्यापासून सावध राहा. एकाच दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. दोन-तीन ठिकाणी, मुंबईतल्या नाणी-पदकांच्या लिलावघरातही विचारा. पैसे घेताना पावती घ्या.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर, जमेल तोवर विकू नये. ज्या माणसाला गावात धड नावाने हाक मारीत नव्हते, ज्याचे नाव शाळेच्या पटावर नव्हते, त्याचे नाव इथे धातूत ठोकलेले आहे. कोरेगावच्या स्तंभावरची 'नाक' शब्दाने संपणारी नावे नसती, तर आपले पूर्वज तिथे लढले हे कुणी मानले असते? आपल्या इतिहासाला असे पुरावे थोडेच आहेत.

तरीही पोराच्या शिक्षणासाठी विकावे लागले तर खुशाल विका. बाबासाहेबांनी शिक्षणच आधी सांगितले. फक्त त्याआधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा. नंबर, नाव, पलटण वहीत उतरवा. रेजिमेंटचे केंद्र आज मध्य प्रदेशात सागर येथे आहे, तिथे चौकशीचे पत्र टाका. अर्ज लिहून हवा असेल तर संध्याकाळी आम्ही घरीच असतो.