प्रेस थांबली तर थांबू दे

भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या प्रेस शॉपमध्ये एक नियम कुठेही लिहिलेला नसतो, पण सगळे पाळतात. प्रेसचा आवाज थांबला की मालक केबिनबाहेर येतात. डिप्लोमा करून सुपरवायझर म्हणून लागलो तेव्हापासून मीही हेच शिकलो होतो. माणूस रिकामा दिसला की त्याला काहीतरी काम सांगायचं आणि मशीन रिकामं दिसलं की त्यावर पुढच्या महिन्याचा माल काढून ठेवायचा. आमच्या प्रेस दिवसभर धडधडत असायच्या. तरीही ग्राहकाला आज हवा असलेला ब्रॅकेट नेमका संपलेला असायचा आणि ज्याला मागणी नाही तो बिनांवर बिन रचून छताला लागलेला.

ग्राहक कंपनीने सगळ्या व्हेंडरना लीन, म्हणजे वाया जाणारं कमी करत काम करायची पद्धत, शिकायची अट घातली, तेव्हा मालकांनी एक सल्लागार बोलावले. वाहन उद्योगातून निवृत्त झालेले, आम्ही त्यांना सर म्हणायचो. ट्रेनिंग म्हणजे प्रोजेक्टर, जपानी शब्द आणि सामोसे, एवढीच आमची अपेक्षा होती आणि पहिला दिवस तसाच गेला. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी सांगितलेले वाया जाण्याचे सात प्रकार फळ्यावर आले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणं, मालाची ने-आण, नको ती प्रक्रिया, साठा, माणसाची फुकटची हालचाल आणि खराब माल. मागून कुणीतरी विचारलं, “सर, आठवा प्रकार म्हणजे ट्रेनिंग का?” सरही हसले.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला मोठ्या प्रेससमोर खडूच्या गोलात उभं केलं. ओनो आपल्या माणसांना असंच उभं करायचे म्हणतात. बोलायचं नाही, कुणाला काही सांगायचं नाही, फक्त बघायचं. पोरं जाता-येता हळूच म्हणत होती, साहेबांना शिक्षा झाली. गप्प उभं राहिल्यावर जे दिसलं ते रोजचंच होतं. डाय बदलायचं काम चाललं होतं आणि त्यात आमचे सेटर मामा डायजवळ फारच कमी वेळ होते. ते पाना शोधत होते. मग फोर्कलिफ्टची वाट बघत होते. मग योग्य लांबीचा टी-बोल्ट मिळेना म्हणून शेजारच्या प्रेसचा काढून आणत होते. डाय बसली, पहिला पीस निघाला, तेव्हा तो ओके करणारा क्वालिटीचा माणूस दुसऱ्या शेडमध्ये होता. हे सगळं मिळून दोन तास.

सरांनी तेव्हा शिगेओ शिंगो यांची हकिकत सांगितली. 1950 साली हिरोशिमाला तोयो कोग्यो, म्हणजे आजची माझदा, या कंपनीत ते मोठ्या प्रेसचं सेटिंग बघत उभे होते. एक बोल्ट सापडेना म्हणून तिथला कामगार तासाहून जास्त वेळ पळत होता. शेवटी त्याने शेजारच्या मशीनचा लांब बोल्ट आणला, कापला आणि बसवला. मामा ऐकत होते. म्हणाले, “म्हणजे तिथंही आमच्यासारखेच होते की!” ट्रेनिंगमध्ये त्यांनी काढलेला तो पहिला शब्द.

दोन तासांचा हिशोब मी आधी कधी मांडला नव्हता. सेटिंगला 7,200 सेकंद लागतात. त्यावर 1,000 पीस काढले तर प्रत्येक पिसावर 7.2 सेकंद सेटिंगचे चढतात, 10,000 काढले तर 0.72. म्हणून आम्ही नेहमी मोठा लॉट मारायचो आणि त्यालाच हुशारी समजायचो. पण लॉट मोठा म्हणजे साठा मोठा. साठ्याला जागा हवी, तो हलवायला माणूस हवा, आणि पावसाळ्यात कोल्ड रोल्ड पत्र्याच्या पिसांना गंज चढला की तेल, घासणं, पुन्हा तपासणी. डायची धार गेली असेल आणि पिसाला बर येत असेल, तर ते कळेपर्यंत हजारो पीस बिनमध्ये पडलेले. फळ्यावरचे सात प्रकार एकाच दोन तासांतून निघत होते. सेटिंग 12 मिनिटांवर आलं, तर 1,000 पिसांच्या लॉटलाही तेवढेच 0.72 सेकंद पडतात.

मोबाइलवर सेटिंगचं शूटिंग करायचं ठरलं तेव्हा मामा बिथरले. साहजिक होतं. आमच्या भागात घड्याळ घेऊन कुणी उभा राहिला की पुढच्या महिन्यात दोन माणसं कमी होतात, हे प्रत्येकाने पाहिलेलं. मामांनी सरळ विचारलं, “वेळ वाचला तर कुणाला घरी बसवणार?” सरांनी उत्तर दिलं नाही. ते मालकांकडे बघत राहिले. मालकांनी सगळ्यांसमोर शब्द दिला की यातून एकही माणूस कमी होणार नाही, कॉन्ट्रॅक्टवरचासुद्धा. माझ्या मते आमचं लीन तिथे सुरू झालं. हा शब्द न देता जिथे फक्त लीनचे बोर्ड लागले, तिथले बोर्ड अजून भिंतीवर आहेत, एवढंच.

मग उपाय मामांनीच सांगायला सुरुवात केली. त्यांना ते कित्येक वर्षं माहीत होते, विचारलं कुणी नव्हतं. पुढची डाय, पाने, बोल्ट आणि गेज, सगळं आधीचा लॉट चालू असतानाच प्रेसजवळ आणून ठेवायचं. शिंगो यांच्या पद्धतीचा गाभाही हाच: मशीन बंद असतानाच करता येतं ते काम वेगळं आणि चालू असताना उरकता येतं ते वेगळं. डायच्या बेस प्लेटला जाड पट्ट्या बसवून क्लॅम्पची उंची सगळीकडे सारखी केली, त्यामुळे एकाच मापाचे बोल्ट पुरले. बोल्ट घट्ट होतो तो शेवटच्या फेऱ्याला, आधीचे फेरे नुसते नट फिरवण्याचे, म्हणून खाच असलेले वॉशर आले. डाय जागेवर सरकून थांबावी म्हणून मागे स्टॉपर. प्रत्येक डायवर शट हाइट पिवळ्या रंगाने लिहिली. बेडच्या उंचीची रोलरवाली ट्रॉली मामांनी भंगारातल्या अँगलची करून घेतली. फोर्कलिफ्टची वाट बघणं संपलं.

टोयोटात 1,000 टनी प्रेसचं सेटिंग चार तासांवरून दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आलं, ही 1969 ची गोष्ट आहे. आम्ही तिथे पोचलो नाही. बहुतेक डाय पंधरा मिनिटांच्या आसपास बसतात. एक मोठी प्रोग्रेसिव्ह डाय अजूनही हट्टी आहे.

सर्वांत अवघड गेलं ते प्रेस थांबवणं. डिस्पॅचकडून बिनचं कार्ड परत आलं तरच माल काढायचा, कार्ड नाही तर प्रेस बंद, असं ठरलं. पहिल्यांदा प्रेस खरंच बंद राहिली तेव्हा मालक सवयीने बाहेर आले, माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या कार्डाच्या पट्टीकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेले. ऑपरेटर तेवढ्या वेळात डायला तेल देत होता. ताटात मावत नाही तेवढं वाढून घेणाऱ्यासारखी आमची जुनी सवय होती आणि ती वरपासून खालपर्यंत होती.

लीनमध्ये येणारी झाडलोट आणि जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्या यांबद्दल फार लिहीत नाही. खंडेनवमीला आमची पोरं मशीन जशी लख्ख पुसतात, त्यापुढे कुठलंही ऑडिट फिकं पडेल. प्रश्न उरलेल्या दिवसांचा असतो.

एका गोष्टीला मात्र आम्ही हात लावला नाही. प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय चालू नये. पीस वाढवण्यासाठी त्यातलं एक बटण सुतळीने बांधून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत आणि त्या शॉपमधल्या लोकांची बोटंही. बोटं वाचवायला लागणारा सेकंद वाया जाण्याच्या यादीत येत नाही.

केंद्र सरकारने 10 मार्च 2023 रोजी लघुउद्योगांसाठी लीनची नवी योजना सुरू केली. सल्लागाराच्या खर्चाचा 90 टक्के भाग सरकार उचलतं. छोट्या मालकांनी तिचा फायदा जरूर घ्यावा.

पण आमच्या फाटकाच्या आत जे करायचं ते आम्ही केलं, तरी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात प्रेस शॉप पुन्हा जुन्यासारखं दिसतं. कारण ग्राहकाचं शेड्यूल. तीन आठवडे मागणी थंड, मग महिनाअखेरीला रात्री फोन आणि सकाळी टेम्पो. मग कार्डं बाजूला राहतात, ओव्हरटाइम लागतो, रिजेक्शन वाढतं. व्हेंडरला लीन शिकायची अट घालणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागाला म्हणून सांगणं आहे: मागणी महिनाभर सारखी वाटून द्या. साठा कमी करायचं आम्ही बघतो.