‘गिटार हिरो’ आणि आमचं तिरकिट

दोस्तांनो, एखाद्या खेळाचा दुसरा भाग येतो तेव्हा त्यात नवं काय असतं? जास्त गाणी, जास्त रंग, जास्त गोंगाट! पुष्कळदा तेवढंच. पण एका दुसऱ्या भागानं पहिल्याची खरी अडचण ओळखली होती. आज त्याचीच गंमत सांगतो.

तुम्ही म्हणाल, तबला शिकवणाऱ्या काकांचा व्हिडिओ गेमशी काय संबंध? सांगतो ना! २००८च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा भाचा पुण्याहून आमच्याकडे अंबाजोगाईला आला. त्याच्या बॅगेत प्लेस्टेशन २, एक प्लॅस्टिकची गिटार आणि दोन तबकड्या होत्या. एक २००५ सालचा ‘गिटार हिरो’ आणि दुसरा २००६ सालचा ‘गिटार हिरो २’. दोन्ही अमेरिकेतल्या हार्मोनिक्स कंपनीनं बनवलेले.

या गिटारीला तारा नसतात, बरं का! दांडीवर हिरवं, लाल, पिवळं, निळं, नारिंगी अशी पाच बटणं आणि मधे छेडायची एक पट्टी. पडद्यावर रंगीत ठिपके आपल्याकडे सरकत येतात. ठिपका रेषेवर आला, की त्या रंगाचं बटण दाबून पट्टी छेडायची. ताल चुकत गेला, की काटा लाल घरात जातो, प्रेक्षक हुर्यो करतात आणि गाणं बंद!

पहिल्या भागात इथंच घोडं अडायचं. समजा, गाण्याच्या शेवटी एक अवघड तुकडा आहे. तिथं हात अडखळला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सोपं ते दहादा वाजवायचं आणि अवघडाची गाठ पडते न पडते तोच बाद! सरावाची सोयच नव्हती.

दुसऱ्या भागात गाणी ४७ची ६४ झाली. तीन बटणं एकदम दाबायचे सूर आले. पट्टी पुन्हा न छेडता, नुसतं बोट टेकवून पुढचा सूर काढायची युक्ती पहिल्या भागात फार कटकटीची होती, तीही सोपी झाली. पण मला आवडली ती सरावाची खोली. तिथं गाण्यातला हवा तो तुकडा निवडायचा आणि वेगही निवडायचा. पूर्ण वेग, सावकाश, आणखी सावकाश आणि सगळ्यात सावकाश. कितीही चुका, कुणी हुर्यो करत नाही!

तेव्हा माझ्याकडे सातवीतली एक मुलगी तबला शिकायला यायची. ठेका छान वाजवायची, पण दुगुनीत ‘तिरकिट’ आलं, की बोटांचा गुंता ठरलेला. ‘सावकाश वाजव’ असं मी रोज सांगायचो. पण मुलांना सावकाश म्हणजे शिक्षाच वाटते! जूनपासून क्लास सोडते, असं तिनं घरी सांगूनही टाकलं होतं.

एका संध्याकाळी ती भाच्याबरोबर सरावाच्या खोलीत एकच तुकडा घोटत बसली होती. आधी सगळ्यात सावकाश, मग एकेक पायरी वर. तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली आणि लाइट गेले. अंधारात तिनं विचारलं, “सर, तबल्यालाही असं सगळ्यात सावकाश असतं का हो?”

“असतं की! त्याला ठाय लय म्हणतात,” मी म्हटलं.

कंदील लावून तिनं तबला पुढं ओढला. पूर्ण कायदा नाही, फक्त अडणारं तिरकिट. वेग तिचा तिनंच ठरवला. दुसऱ्या दिवशीही तेच. शाळा सुरू होईपर्यंत तिरकिट दुगुनीत स्वच्छ निघायला लागलं. क्लास काही सुटला नाही!

दुसऱ्या भागाची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. पहिल्या भागात दोघं खेळायला बसले, की एकमेकांना हरवायचं, एवढंच होतं. दुसऱ्यात जोडीनं वाजवताही येतं. एक मुख्य गिटार, दुसरा साथीला. गुण दोघांचे मिळून, काटाही एकच. एक कोसळला तर दोघंही बाद! ‘स्टार पॉवर’ वापरायची तर दोघांनी एकदम गिटार उचलायची. आपल्या सप्ताहात टाळकरी आणि पखवाजी एकमेकांकडे बघत लय धरतात ना, अगदी तसंच.

अर्थात, हा खेळ खेळून खरी गिटार येत नाही हं! पाच बटणं म्हणजे सहा तारा नव्हेत. खऱ्या वाद्यावर सूर आपल्यालाच जन्माला घालावा लागतो.

तेव्हा दोस्तांनो, गणित असो, पाठांतर असो की पेटी, गाडी नेमकी कुठं अडते ते आधी शोधा. तेवढाच तुकडा घ्या, वेग तुमचा तुम्ही ठरवा आणि एकेक पायरी चढा. आणि आईबाबांनो, मूल सरावाच्या खोलीत असेल, तेव्हा हुर्यो करू नका बरं!