आधी काय, मग काय

मैत्रिणींनो, मोहरी तडतडायच्या आधीच फोडणीत हळद पडली की काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. जिन्नस तेच, मापही तेच, पण हळद करपते आणि आमटी कडवट होते. बुद्धिबळातही असंच होतं, हे मला लेकीमुळे कळलं.

एका स्पर्धेत ती २० खेळ्यांच्या आत हरली आणि म्हणाली, "आई, मला हा खेळ जमणारच नाही." मग आम्ही दोघींनी ११ मे १९९७ चा एक डाव पटावर मांडला. न्यूयॉर्कमध्ये गॅरी कास्पारोव विरुद्ध डीप ब्लू हा संगणक, सहावा आणि शेवटचा डाव. काळ्या मोहऱ्यांनी कारो-कान बचाव खेळताना कास्पारोवनं सातव्या खेळीला कडेचं प्यादं एक घर सारून पांढऱ्या घोड्याला हुसकावलं. घोडा मागे फिरलाच नाही. त्यानं राजापुढचं प्यादं मारलं. संगणकाचा घोडा गेला, पण काळा राजा मधेच अडकला, त्याला कॅसलिंग करता आलं नाही. १९ खेळ्यांत कास्पारोवनं डाव सोडला आणि सामनाही ३.५–२.५ असा गमावला.

गंमत म्हणजे, आधी उंट बाहेर काढून मग तेच प्यादं सारलं तर चालतं. खेळी वाईट नव्हती, तिची वेळ चुकली.

म्हणून मुलं हरून आली की रागावण्याआधी त्यांचा खेळ्यांचा कागद मागा. पहिल्या दहा खेळ्या सोबत बसून मांडा. "मला जमत नाही"च्या जागी "इथे क्रम चुकला" एवढं सापडलं, तरी मूल पुन्हा पटावर बसतं. माझी बसली.