निळे खोड

जुन्या मध्यप्रांतातील बंदोबस्ताच्या कागदांत आमच्या वर्धा जिल्ह्याच्या जमिनीची प्रतवारी काळी, मोरंड, खरडी आणि बरडी अशा नावांनी लावलेली आढळते. ही नावे शेतसारा ठरविण्यासाठी योजिलेली. ज्या अंमलदाराने ती दफ्तरात चढविली, त्याच्या मनात जमाबंदीवाचून दुसरा कसला विचार असण्याचे कारण नव्हते. परंतु ज्याने हयातभर मुलांना चित्रकला शिकविली आणि सुटीच्या दिवशी तैलरंगांची पेटी सायकलला बांधून शेतशिवारे धुंडाळली, अशा माझ्यासारख्या माणसाला ती नावे आता रंगांच्या नळ्यांवरील नावांसारखी वाटू लागली आहेत. ओली काळी म्हणजे जांभळ्या छटेचा कोळसा. तीच वैशाखात वाळून भेगाळली की राखेत चिमूटभर हळद पडावी तशी करडी. मोरंड तिच्याहून उजळ, तपकिरीकडे झुकलेली. आणि बरडीवर मुरमाचा तांबूसपणा असा उघडा पडलेला, की तिच्यावरची सावलीसुद्धा ऊबदार दिसावी. जमिनीचा हा रंग झाडाच्या सावलीत उतरतो, तेथून परावर्तित होऊन फांद्यांच्या खालच्या अंगावर चढतो आणि सगळ्या चित्राचा सूर ठरवितो, ही साधी गोष्ट मला पन्नाशी उलटेपर्यंत उमगली नव्हती. तोवर मी माझ्या सावल्या पुस्तकांतून आणीत होतो.

त्या पुस्तकांचा दोष नाही. पदविकेच्या अभ्यासात असताना ग्रंथालयातल्या एका जाड चित्रसंग्रहात क्लोद मोनेच्या बागेची चित्रे प्रथम पाहिली, तेव्हा सावलीत काळा रंग नसतोच, तेथे निळा आणि जांभळा असतो, हा सिद्धान्त मी एखाद्या मंत्रासारखा गाठीस बांधला. आमच्याकडे तो नवा होता असेही नाही. कोल्हापूरच्या कोटितीर्थाचे पाणी पुनःपुन्हा रंगविणारे, 1931 साली निवर्तलेले आबालाल रहिमान उघड्या हवेतल्या प्रकाशाच्या नादी लागलेलेच होते. आणि दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी 1927 साली इंदुरास चित्रशाळा काढली तिच्यातून बेंद्रे, हुसेन, चिंचाळकर यांच्यासारखे जे विद्यार्थी बाहेर पडले, त्यांच्या हाती जाड, तुटक, उन्हाने भारलेला कुंचला होता. ही परंपरा माझ्यापर्यंत आली ती मात्र पाझरत पाझरत, दोन-तीन हातांतून, आणि अशा प्रवासात विचार गळून कृती तेवढी उरते. माझ्या हाती उरलेली कृती अशी होती: पिवळ्या उन्हाशेजारी जांभळी सावली घालावी आणि पानांच्या जागी ठिपके मारावेत.

या कृतीने मी आर्वी आणि कारंजा घाडगे या तालुक्यांतले संत्र्यांचे बगीचे कित्येक वर्षे रंगविले. चित्रे वाईट नव्हती, विकलीही जात. पण ती वर्ध्याची नव्हती. आपण ज्या बांधावर बसून हे चित्र काढले, तो बांध त्यात नाही, असे घरी आणल्यावर दर वेळी वाटे, आणि का वाटे ते कळत नसे.

पुढे एकदा भूगोलाच्या शिक्षकमित्राशी बोलताना मी सहज हिशेब मांडला. मोनेचे गिव्हर्नी गाव, जेथे तो 1883 साली राहावयास गेला आणि जेथे त्याने आपले कमळांचे तळे खोदविले, ते उत्तर अक्षांश 49 च्या लगत आहे, वर्धा पावणेएकविसावर. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भर दुपारी गिव्हर्नीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंश वर येतो आणि झाडाची सावली झाडाच्या उंचीच्या तिपटीहून लांब पडते. त्याच दिवशी, त्याच दुपारी आमच्याकडे सूर्य सेहेचाळीस अंशांवर असतो आणि बारा हातांच्या झाडाची सावली जवळजवळ बाराच हात. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तर तो मध्यान्ही ठीक डोक्यावर येतो, आणि सावली झाडाच्या बुंध्याशी गोळा होऊन बसते. मोनेने आपल्या बागेत हे कधीच पाहिले नव्हते. तेथे उन्हाळ्याच्या ऐन भरातही सूर्य चौसष्ट अंशांपलीकडे जात नाही. ज्याच्या सावल्या दिवसभर हिरवळीवर लांबच लांब पसरलेल्या, त्याने त्यांच्यात आकाशाची निळाई पाहिली तर नवल ते काय! आमच्या उन्हाळ्यात एक तर सावली आखूड, आणि वर आकाश धुळीने पांढुरके, म्हणजे सावलीला निळे दान देणाराच कंगाल. उरतो तो खालून येणारा, तापलेल्या मातीचा आणि वाळल्या गवताचा उजेड. वैशाखातल्या दुपारची सावली मी नीट पाहिली तेव्हा ती मला मंद, हिरवट, गव्हाळ अशी दिसली. जांभळा तिच्यात शोधूनही सापडेना.

संत्र्याचा बगीचा हा चित्रकाराच्या दृष्टीने काहीसा अवघड विषय आहे, कारण तो आखीव असतो. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेली कलमे सहा-सहा मीटरांवर चौकोनात लावलेली, कडेला वारा अडवायला शेवरीची रांग, प्रत्येक झाडाभोवती पाण्याचे आळे. पटवाऱ्याच्या नकाशाइतकाच नियमित असा हा देखावा. त्यात जी अनियमितता शिरते ती प्रकाशाने आणि बहराने. मृग बहर घ्यावयाचा असला म्हणजे मे महिन्यात झाडाचे पाणी तोडून त्याला ताण देतात. पाने मलूल होऊन कडा आत वळवितात, काही गळतात, आणि एरवी काळोखी वाटणारे झाड आरपार होते. मग पाऊस आला की तेच झाड फुटते, फुलते आणि पुढच्या फेब्रुवारी-मार्चात फळ देते. आंबिया बहराचे फळ त्याआधीच, पावसाळा सरल्यावर, तोडणीला येते. तेव्हा रात्री पुरेशा गार झालेल्या नसतात, म्हणून ते आतून गोड असूनही वरून हिरवटपिवळेच राहते. घरोघरी चित्र विकत घेणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांना संत्रे म्हणजे केशरी हवे असते, आणि मीही भिडेखातर नोव्हेंबरच्या झाडांवर मार्चची फळे टांगली आहेत, हे कबूल केले पाहिजे.

पानाचे तर तीन वेगळे हिरवे आहेत, आणि ते तीन कळल्याशिवाय कुंचला उचलू नये असे मी पुढे मुलांना सांगू लागलो. संत्र्याचे पान वरून तुळतुळीत. त्याच्यावर ऊन पडले की ते हिरवे दिसतच नाही, आकाश परतवून पांढुरके, थंड दिसते. तेच पान डोळ्याच्या आणि सूर्याच्या मधोमध आले की ऊन त्याच्यातून गाळून येते आणि लिंबासारखा पिवळा उजेड पेटतो. आणि तिसरे, झाडाच्या पोटातले पान, ज्याला ना ऊन मिळते ना आकाश. त्याच्यावर जमिनीकडून आलेला तेवढाच करडा उजेड. या तिन्हींना एकाच आकाराचा ठिपका देणे म्हणजे तीन जातींचे धान्य एका मापाने मोजून एकाच पोत्यात भरणे होय. पहिल्यासाठी मी आता रुंद, चपटा, डुकराच्या राठ केसांचा कुंचला वापरतो आणि रंग घट्ट ठेवून एकदाच टेकवितो, फिरवीत नाही. दुसऱ्यासाठी लेमन यलो आणि व्हिरिडियन पाटीवर पुरते न कालविता कुंचल्याच्या दोन कडांना वेगवेगळे घेतो, म्हणजे फटकाऱ्यात ते एकमेकांशेजारी राहून चमकतात. आणि तिसऱ्यासाठी पातळ रंग कापडाने पुसून काढतो, कारण झाडाच्या पोटात फटकारे दिसता कामा नयेत.

परंतु मी ज्याच्यासाठी हे लिहावयास बसलो, ते खोड अजून आलेच नाही.

संत्र्याला डिंक्या नावाचा रोग होतो. बुंध्याची साल तडकून डिंक वाहू लागतो आणि झाड वाळत जाते. त्यावर उपाय म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळा सरल्यावर खोडाला जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो मलम फासतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, आणि कालविण्यास लोखंडाचे भांडे मुळीच घ्यावयाचे नाही. हे मलम वाळले की फिकट आकाशी दिसते. बगीच्यात कोठूनही पाहा, काळ्या जमिनीवर शेकडो आकाशी खांब रांगेने उभे. मला ते नेहमी खटके. निसर्गाच्या देखाव्यात ही रंगरंगोटी कशाला, अशा भावनेने मी प्रत्येक चित्रात ती पुसून तेथे बर्न्ट सिएनाचे सभ्य तपकिरी खोड काढीत असे. एके वर्षी ओलीत करणारा एक गडी माझ्या मागे उभा राहून बराच वेळ पाहत होता. शेवटी तो म्हणाला, "गुर्जी, सावली जांबळी नसते ते तुमी जांबळी केली, अन् खोड निळं हाय ते पुसून टाकलं. हे कायले?"

मला उत्तर सुचले नाही. जो निळा तेथे नव्हता तो मी फ्रान्सहून आणला होता, आणि जो डोळ्यांपुढे उभा होता तो अशोभनीय म्हणून चित्राबाहेर काढला होता.

यातली गंमत अशी, की तो आकाशी रंगही फ्रान्सहूनच आलेला आहे. मेदोक प्रांतातले द्राक्षमळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडून ठेवीत, ते वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून. त्या वेलींना केवडा रोग लागत नाही हे बोर्डोच्या मियार्दे नावाच्या प्राध्यापकाने 1882 साली हेरले आणि 1885 साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. दृक्प्रत्ययवादी चित्रकारांचे आठवे आणि अखेरचे प्रदर्शन पॅरिसात भरले ते 1886 साली. त्याच मंडळींच्या पाटीवर तांबे आणि सोमल यांचा एक झगझगीत हिरवा असे, आणि तोच हिरवा पॅरिस ग्रीन या नावाने पिकांवरील किडी मारण्यासाठी विकला जाई. शेतकऱ्याचे औषध आणि चित्रकाराचा रंग असे एका दुकानातले असताना मी एकाला सोवळे आणि दुसऱ्याला ओवळे मानीत होतो.

खोड निळे ठेवून पाहिले, त्या दिवशी फळे पेटली. याचे कारण शास्त्रात आहे; पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यातील रंगशाळेचा प्रमुख शेव्ह्रल याने 1839 सालच्या आपल्या ग्रंथात ते मांडले आहे, की परस्परविरोधी रंग शेजारी आले म्हणजे एकमेकांना उजळतात, आणि केशरीचा विरोधी निळाच. मोनेच्या ज्या चित्रावरून या पंथाला नाव मिळाले, त्या 1872 सालच्या 'सूर्योदया'त करड्या-निळ्या धुक्यात एक केशरी बिंब आहे. त्याचा कृष्णधवल छाप काढला तर ते बिंब जवळजवळ दिसेनासे होते, कारण उजळपणात ते धुक्याएवढेच आहे, वेगळेपण आहे ते केवळ रंगाचे. संत्र्याच्या झाडाच्या सावलीकडील फळाचेही असेच आहे. ते पानांहून उजळ काढले की चेंडूसारखे बाहेर पडते. पानांइतकेच मंद ठेवून फक्त रंग बदलला की ते फांदीवर, पानांच्या आत, आपल्या वजनाने लोंबते.

जाता जाता तेलाचे सांगतो. तैलरंग ज्यात कालवितात ते जवसाचे तेल, आणि जवस हे आमच्या भागातले जुने रब्बी पीक. ज्याची चटणी आम्ही भाकरीशी खातो त्याच बियांच्या तेलावर युरोपातील चित्रकलेची कैक शतके उभी आहेत. मोठ्या अभिमानाने मी एकदा घाणीचे कच्चे तेल आणून वापरले. ते आठवडे आठवडे वाळेना, आणि वाळले तेव्हा आकाश पिवळे पडले होते. तेव्हापासून घाणीचे तेल स्वयंपाकघरात आणि बाटलीतले शुद्ध तेल पेटीत, अशी वाटणी आहे.

आता मी चित्राचा आरंभ खालून करतो. प्रथम जमीन, पाटीवरच्या सुरीने ओढून आणि खरवडून. ओल्या आळ्यात जांभळट काळा, दोन आळ्यांमधल्या वाळल्या पट्ट्यात करडा, आणि त्यावर त्या वेळची खरी सावली. मग खोडे. पाने आणि फळे सर्वांत शेवटी. गेल्या मृग बहराच्या वेळी कारंज्याकडील एका बगीच्यात असाच बसलो होतो. फेब्रुवारीची सकाळ, आळ्यांवर किंचित धुके, खोडांवरचे मलम पावसानंतर पुन्हा लावलेले. दोन सकाळी जमिनीत आणि खोडांत गेल्या. तिसऱ्या सकाळी पोचलो तो बांधावर पेट्यांची रास लागली होती. मालकाने बहर आधीच व्यापाऱ्याला ठेक्याने दिला होता आणि त्याची माणसे झाडांना शिड्या लावून चढली होती. संध्याकाळपर्यंत बगीच्यात एक फळ राहिले नाही.

चित्र तसेच राहिले, वरचा अर्धा भाग कोरा. मालकाने हौसेने मागून घेतले आणि ओसरीवर लावले. त्यांची म्हातारी आई काठी टेकीत आली, बराच वेळ जवळून पाहत राहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "खोडं मस्त उतरले बाप्पा. पण याच्यातले संत्रे कुठी गेले?"

"व्यापारी घेऊन गेला, माय," मी म्हणालो.