टोकं आणि वाफ

डोळ्याच्या सेटमधली व्हॅनास कात्री हातात घेतली की माझा वेग आपोआप कमी होतो. तिची पाती काही मिलिमीटरचीच. ट्रे उचलताना ती शेजारच्या चिमट्यावर घसरली तर टोक वाकू शकतं, आणि साध्या डोळ्यांनी न दिसणारा तो वाक डॉक्टरांना मायक्रोस्कोपखाली, पेशंट टेबलावर असताना दिसतो. म्हणून ट्रेच्या तळाशी सिलिकॉनची काटेरी मॅट. तिच्या मऊ काट्यांत हत्यार अडकून बसतं. ट्रे बांधण्याआधी मी तो जरा कलता करते. आतून खडखड आली तर पुन्हा मांडायचा.

पण नुसतं घट्ट धरून भागत नाही. ऑटोक्लेव्हमधली 134 अंशांची वाफ ज्या जागेला भिडली नाही, ती जागा निर्जंतुक झाली असं मानता येत नाही. आणि जिथे आधार टेकतो, नेमकी तिथेच वाफेची वाट अडते. मॅटला भोकं असतात ती त्यासाठी, आणि पाणी निथळावं म्हणूनही. नवी मुलं काळजीपोटी चार चिमटे एकत्र करून रबरबँड लावतात. मी तो काढून टाकते.

आर्टरी फोर्सेप्सची तऱ्हा निराळी. त्या यू-आकाराच्या सळीवर किल्ल्यांच्या जुडग्यासारख्या ओवायच्या, रॅचेट उघडं ठेवून. रॅचेट बंद राहिलं तर जबड्यांत आणि सांध्यात वाफ नीट शिरत नाही. शिवाय तापलेल्या धातूवर ताण येऊन सांध्याला चीर पडू शकते. जड हत्यारं खाली, वाट्या कुशीवर. ट्रे साधारण 11 किलोंच्या वर नेऊ नये. एवढ्या धातूवर वाफेचं पाणी फार साचतं, सुकत नाही, आणि ओला पॅक म्हणजे सगळं काम पुन्हा.

सकाळी रिकाम्या ऑटोक्लेव्हमध्ये बॉवी-डिक चाचणी लावतो. तिचा कागद सांगतो, यंत्राने हवा नीट काढली की नाही. ट्रेमधली इंडिकेटर पट्टी फक्त स्वतःच्या जागेचं बोलते. कात्रीच्या सांध्यात काय झालं, ते दोघांनाही ठाऊक नसतं. तिथे मांडणाऱ्याच्या हातावरच भिस्त.

मॅटही धुवायची असते, हे मात्र सर्रास विसरलं जातं. काट्यांच्या मुळाशी डिटर्जंट राहतो, आणि डोळ्याच्या हत्यारांना तो अजिबात चालत नाही.

हल्ली ठरावीक खाचांचे तयार रॅकही मिळतात. मोतीबिंदूच्या सेटला मला तेच आवडतात: कुठलं हत्यार कमी आहे ते एका नजरेत कळतं. सतत बदलणाऱ्या सेटला मात्र मॅटच बरी. खरेदी विभागाला सगळीकडे एकच प्रकार हवा आहे. कागद माझ्या टेबलावर आलाय. सही अजून केलेली नाही.